पाल, बेडूक आणि आमची दोन पिल्लं

तुमच्या घरात भिंतीवर पाल दिसली की पहिली किंकाळी कुणाची असते? आमच्या घरात ती ताईची असते. ती सोफ्यावर चढते, हातात झाडू येतो, दाजींना हाक जाते. आणि या सगळ्याकडे दोन जोड्या डोळे टक लावून बघत असतात.

हे डोळे माझ्या भाच्यांचे. अंशू सात वर्षांचा, मिनी चार वर्षांची. मी त्यांची माऊ. तीन वर्षांपूर्वी कंटेंट रायटरची नोकरी लागली आणि मी सांगलीहून फरीदाबादला ताईकडे राहायला आले. आमची सोसायटी सूरजकुंडच्या बाजूला आहे. मागच्या भिंतीपलीकडे अरवलीचा खडकाळ, काटेरी झुडपांचा उतार सुरू होतो. फ्लॅट तळमजल्यावर. म्हणजे पावसाळ्यात पाहुणे न सांगता येतात, आणि सगळेच दोन पायांचे नसतात.

मी आले तेव्हा मिनी जेमतेम दीड वर्षाची होती. पालीला बघून ती हसायची, बोट दाखवायची. सहा महिन्यांनी तीच मिनी पाल दिसली की "छिपकली!" म्हणून ताईसारखीच ओरडायला लागली. पालीने तिला काहीही केलं नव्हतं. आम्ही मात्र रोज तिच्यासमोर ओरडत होतो. भीती घरातूनच येते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मग मनात आलं, भीती अशी येत असेल तर आवडही अशीच देता येईल का?

माझी आवड कुठून आली

माझं आजोळ शिराळ्याजवळ. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्ही ऐकली असेल. मी लहान असताना तिथे जिवंत नागांची मिरवणूक निघायची. गर्दीत आईचा पदर घट्ट धरून मी मडक्यातून फणा काढलेला नाग पाहिला होता. मी शाळेत असतानाच उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचा तो खेळ थांबला. तेव्हा गावातल्या अनेकांसारखं मलाही वाईट वाटलं होतं. साप दूध पीत नाही, पुंगी ऐकून डोलत नाही, तो पुंगीच्या हालचालीकडे लक्ष ठेवून असतो आणि पकडला गेल्याने बेजार झालेला असतो, हे मला बरंच नंतर कळलं.

माझा खरा गुरू म्हणजे आजोबा. त्यांच्या गोठ्यात एक धामण यायची. "धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते," असं शेजारच्या काकू शपथेवर सांगायच्या. आजोबा म्हणायचे, "तिच्या तोंडाची ठेवण बघ. ती दूध ओढणार कशी? ती उंदरांसाठी येते. धान्य वाचवते आपलं." ते तिला कधी हात लावायचे नाहीत. ती गोठ्यात असली की मलाही दारातच थांबवायचे. मी आजोबांच्या धोतराआड उभी राहून बघायची आणि ती पिवळसर लांब दोरी भिंतीच्या भोकात सरकत नाहीशी व्हायची.

एका दिवाळीत आजोबा परगावी असताना ती धामण मारली गेली. ओरडून सगळ्यांना गोळा करणारी मीच होते, कारण ती त्या दिवशी गोठ्यात नव्हती, अंगणात होती. मी नऊ वर्षांची होते. आजोबा परत आल्यावर मला काही बोलले नाहीत. त्या वर्षी उंदरांनी शेंगांची पोती फोडली तेव्हाही बोलले नाहीत. तो अबोला मला आजही आठवतो.

ट्यूबलाइटवाली

फरीदाबादच्या घरात मी पालीपासून सुरुवात केली. पाल रोज दिसते आणि फुकट दिसते! मुलांनी तिचं नाव ठेवलं 'ट्यूबलाइटवाली'. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं आम्ही तिघं जमिनीवर उताणे पडून तिची शिकार बघायचो. अंशू तिने खाल्लेले किडे मोजायचा. एका रात्री तो "माऊ, सतरा!" म्हणून ओरडला, तेव्हा दाजीही पेपर बाजूला ठेवून वर बघायला लागले.

मुलं प्रश्न विचारतात, आणि मग आपल्यालाही वाचावं लागतं. पाल छताला उलटी कशी चालते? तिच्या पायांना गोंद नसतो. तळव्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक केस असतात, आणि त्यांच्यामुळे ती भिंतीला धरून राहते. ती डोळे का मिटत नाही? तिला आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्याच नसतात, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. हे समजल्यावर मिनीने आठवडाभर जीभ नाकापर्यंत नेण्याचा सराव केला.

ताईचे प्रश्न वेगळे होते. "पाल विषारी असते ना? दुधात पडली तर?" घरातली पाल विषारी नसते. पण तिच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून ते दूध टाकून द्यायचं आणि ओटा पुसून घ्यायचा. आईने फोनवर पंचांगातलं पल्लीपतन काढलं. पाल कुठल्या अंगावर पडली की काय फळ मिळतं, त्याची ती यादी. अंशूने ती मन लावून ऐकली आणि विचारलं, "आजी, पालीच्या अंगावर माणूस पडला तर काय फळ?" आजीकडे उत्तर नव्हतं.

मग थंडी आली. सांगलीत पाल कमी-जास्त वर्षभर दिसते. इथे दिवाळी झाली, रात्री गार पडू लागल्या आणि ट्यूबलाइटवाली गायब. मिनी रडकुंडीला आली. "ती मेली?" मी तिला समजावलं, की पालीचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. बाहेर कडाका असला की ती फटीत शिरून गप्प पडून राहते. रोज रात्री मिनी घड्याळामागे बघून विचारायची, "माऊ, ती अजून झोपली का?" होळीच्या सुमारास एका रात्री घड्याळामागून एक डोकं बाहेर आलं, आणि त्या घरात पालीसाठी पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. ताई सोफ्यावर चढली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आली वाटतं तुमची!"

बरणीतली चूक

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात सोसायटीशेजारचा रिकामा प्लॉट तळं झाला. रात्रभर असा आवाज, जणू कुणी जुनी मोटर चालू ठेवली आहे. सकाळी छत्री घेऊन आम्ही काठावर गेलो, तर पाण्यात लिंबासारखे पिवळेधमक बेडूक! गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. अंशूला वाटलं कुणीतरी प्लास्टिकची खेळणी टाकली आहेत.

हा आपला मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात. एरवी तो मातकट-हिरवा असतो. पावसाळ्यात विणीच्या काळात नर पिवळा होतो आणि माद्यांना बोलावतो. एकेकाळी याच बेडकांच्या तंगड्या भारतातून परदेशी हॉटेलांत जायच्या. शेतातले बेडूक कमी होऊ लागले, किडे वाढायची चिंता वाढली आणि १९८७ साली ही निर्यात बंद झाली. हे सांगितल्यावर अंशू गंभीर होऊन म्हणाला, "बरं झालं."

दोन आठवड्यांनी पाण्यात काळे ठिपके वळवळू लागले. इथे मी चुकले. उत्साहाच्या भरात बेडकाची दहा-बारा पिल्लं बरणीत भरून आणली. 'पाय फुटताना मुलांना रोज बघता येईल' हा माझा विचार. बरणी खिडकीत ठेवली, मी मीटिंगला बसले आणि विसरले. दुपारच्या उन्हात पाणी तापलं. शाळेतून आल्यावर आधी मिनीला दिसलं. सगळी पिल्लं तळाशी पडली होती.

तिने विचारलं, "माऊ, आपण मारलं?"

मला 'ती आजारी होती' असं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण आजोबांचा तो अबोला आठवला. मी म्हणाले, "हो. चूक माझी आहे. ती त्यांच्या घरी बरी होती." आम्ही कुंडीत खड्डा करून ती पुरली. त्यानंतर आम्ही रोज प्लॉटवरच जायचो. काठावर उकिडवं बसून बघायचं, काही घरी आणायचं नाही. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आटत जाते. प्लॉट सुकायच्या आत नखाएवढे बेडूक गवतात उड्या मारू लागले. काही डबक्याबरोबरच सुकून गेले. तेही मुलांनी पाहिलं.

ज्या दिवशी ताई रागावली

आता मूळ गोष्टीकडे येते. ही तुम्हाला सांगावी म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमधली सकाळ. मी लॅपटॉपवर होते. मिनी आली आणि सहज म्हणाली, "माऊ, बाथरूममध्ये छोटा साप आहे. छान आहे. मी त्याला हात लावणार होते, पण तो आत गेला."

माझ्या हातापायातलं बळ गेलं. जाळीच्या कडेला वीतभर, गडद तपकिरी अंगावर पांढरे पट्टे असलेला साप होता. मी दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल दाबला, मुलांना बाहेर नेलं आणि साप पकडणाऱ्या माणसाला फोन केला. तो येईपर्यंतची चाळीस मिनिटं मला चार तासांसारखी गेली.

तो कवड्या निघाला. बिनविषारी. पण कवड्या आणि मण्यार दिसायला इतके सारखे, की घाबरलेल्या माणसाने ओळखायच्या भानगडीत पडू नये. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे सहसा उलट. पुस्तकात हे सोपं वाटतं. अंधाऱ्या बाथरूममध्ये नाही. आणि मण्यार हा आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी एक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून झोपेतल्या माणसाला कधीकधी कळतसुद्धा नाही. त्या माणसाने बरणीचं झाकण लावत मला सांगितलं, "दीदी, पहचानना मेरा काम है, आपका नहीं."

तो गेल्यावर ताई माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तू त्यांना हे सगळं आवडायला शिकवलंस. जपून राहायला कोण शिकवणार होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बरोबर होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात पाव हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. मी मुलांना 'साप वाईट नसतो' हे शिकवलं होतं. 'तो दिसला की काय करायचं' हे शिकवायचं राहून गेलं होतं. आजोबांनी मला धामण दाखवली ती धोतराआडून, दारातून. मला धामण लक्षात राहिली, ते अंतर मात्र मी विसरले.

ताई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि ताईलाही बसायला सांगितलं. आम्ही चौघांनी मिळून नियम ठरवला. तीनच शब्द. थांब. मागे सर. सांग. साप असो, सापासारखी दोरी असो, पाल, बेडूक, काहीही असो. जागेवर थांबायचं, न वळता हळूहळू मागे सरायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हात कुणालाही लावायचा नाही. अगदी भेकालाही नाही. भेकाला हात लावून चामखीळ येत नाही, पण त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विषारी स्राव येतो. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवायचा.

घराचेही नियम ठरले. रात्री बाहेर टॉर्चशिवाय जायचं नाही. बूट झटकून घालायचे. बाथरूमच्या जाळीला बारीक जाळी बसवायची. जमिनीवर गाद्या टाकून झोपायचं बंद. दाजींनी फ्रिजवर कागद चिकटवला. त्यावर ११२, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर आणि साप सोडवणाऱ्यांचे नंबर. दिल्ली-एनसीआरमध्ये वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था हे काम करते. महाराष्ट्रात असाल तर वन विभाग किंवा तुमच्या भागातले नोंदणी असलेले सर्पमित्र. त्याखाली ताईने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'चावल्यास कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. हातपाय न हलवता थेट दवाखाना.' सर्पदंशावरचं औषध म्हणजे प्रतिसर्पविष, आणि ते रुग्णालयातच मिळतं. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

लांबून बघण्याची शाळा

हिवाळा संपताना आम्ही मुलांना मांगर बनीला नेलं. फरीदाबाद जिल्ह्यातल्या मांगर गावाजवळची ही अरवलीतली जुनी राई. आसपासचे डोंगर खाणींनी पोखरले गेले, पण इथली धौची झाडं उभी राहिली, कारण गुदडिया बाबांच्या श्रद्धेपोटी गावकरी इथली फांदीसुद्धा तोडत नाहीत. आपल्याकडची देवराई अगदी अशीच. मी अंशूला म्हटलं, "या लोकांनी जंगलावर प्रेम कसं केलं माहितेय? हात न लावता."

पुढे आम्ही असोला भाटी अभयारण्यातही गेलो. फरीदाबाद आणि दिल्लीच्या सीमेवरच्या या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. १८८३ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था इथे भेटल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या दिवशी आम्हाला एकच सरडा दिसला. खडकावर, लाल गळा फुगवून, दंड काढल्यासारखा वर-खाली होत होता. मिनी लांबच थांबली आणि तीही वर-खाली होऊ लागली. दहा मिनिटं दोघांची कवायत चालली होती.

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर तुमच्याजवळ याहून मोठा खजिना आहे. पुण्यात कात्रजला सर्पोद्यान आहे. सिंधुदुर्गात आंबोली आहे, तिथला आंबोली टोड तर त्या परिसराबाहेर सापडत नाही. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन, जाणत्या माणसाबरोबर मुलांना एकदा घेऊन जा. बघायचं, ऐकायचं आणि परत यायचं.

घोरपड आली तेव्हा

या सप्टेंबरमधली गोष्ट. दुपारी खालून आरडाओरडा ऐकू आला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी एक चांगली हातभर लांब घोरपड होती. अरवलीच्या उतारावरून आली असणार. दोन गार्ड काठ्या घेऊन उभे, मागे सात-आठ मुलं. "बिसखोपडा है! फूंक मार दे तो आदमी मर जाए!" इकडे घोरपडीबद्दल हा समज पक्का आहे. घोरपडीच्या फुंकरीने कुणी मरत नाही. ती फुत्कारते ती घाबरून. उलट माणूसच तिला मारतो. तिच्या अवयवांना 'हत्था जोडी' नावाची मुळी म्हणून बाजारात विकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपडीला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तिला मारणं हा गुन्हा आहे.

मी धावत खाली पोचले तेव्हा मिनी सगळ्या मुलांच्या पुढे उभी होती. माझ्या पोटात गोळा आला. पण ती जागेवरच उभी होती, दोन्ही हात मागे बांधून. मग एक पाऊल मागे आली. अजून एक. आणि वर बघून तिने खणखणीत आवाजात हाक मारली, "आई! घोरपड!"

खिडकीत ताई आली. मी श्वास रोखला. ताई किंचाळली नाही. गार्डना म्हणाली, "भैया, लाठी नीचे रखो. बच्चों को पीछे करो. वो अपने आप जाएगी."

अंशू मुलांना मागे सारत तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची गोष्ट सांगू लागला. १६७० सालची सिंहगडची लढाई, यशवंती नावाची घोरपड, तिला बांधलेला दोर. ती बहुधा दंतकथाच, पण हरियाणवी, पंजाबी, बंगाली मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. गार्डही ऐकत होते. काठ्या खाली होत्या.

पाच-सात मिनिटांनी घोरपडीने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि विटांच्या खाचांत नखं रोवत भिंत चढली. वर क्षणभर थांबली. मग पलीकडे उतरली.

मिनीने मला विचारलं, "माऊ, ती परत येईल?"

"येईल कदाचित."

"मग मी थांबीन, मागे सरेन आणि आईला सांगेन," ती म्हणाली. "पण आधी थोडं बघेन."

रात्री ट्यूबलाइटखाली आम्ही पुन्हा उताणे पडलो होतो. या वेळी चौघं. ताई शेवटी आडवी झाली, उशी छातीशी घट्ट धरून, पण आडवी झाली. अंशू मोजत होता. अकराव्या किड्यावर ताई हळूच म्हणाली, "बारावा तिकडे, डावीकडे."

आज रात्री तुमच्या घरात पाल दिसली, तर झाडू उचलण्याआधी मुलांकडे एकदा बघा. ती पालीकडे नाही, तुमच्याकडे बघत असतील.